जूलिएटच्या आईने पुढे काय केलं?

जूलिएट ही एका पुस्तकातली मुलगी, तिच्याकडे येतेच, पण आधी ज्या घरात ते पुस्तक वाचलं त्याबद्दल. मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले तेव्हा खिशाला परवडेल अशी खोली मिळाली ती ब्रॉन्क्समध्ये, व्हाइट प्लेन्स रोडच्या जवळ, जिथे मेट्रो जमिनीखालून नाही तर डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून जाते आणि फोनवर बोलताना दर थोड्या वेळाने थांबावं लागतं. आई साताऱ्याहून विचारायची, कसला आवाज येतोय गं एवढा, आणि मी म्हणायचे, थांब, ट्रेन जाऊ दे. घरमालकीण प्वेर्तो रिकोची, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या एका कॅरिबियन बेटाची, साठीच्या पुढची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अख्खी बिल्डिंग तिला तिती म्हणायची. तिती म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळंच. मग मीही तितीच म्हणायला लागले.

पहिल्याच आठवड्यात तिने एक भात केला, लालसर, खमंग वासाचा, आणि त्यात हिरवे-तपकिरी दाणे. एक दाणा दाताखाली आला आणि मी म्हणलं ही तर तूर. खरंच तूर! ते लोक तिला गांदुलेस म्हणतात, आणि आरोस कोन गांदुलेस हा त्यांचा सणावाराचा भात. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमाराला ओल्या तुरीच्या शेंगा येतात, आई मीठ घालून उकडते, आम्ही टीव्हीसमोर बसून सोलत खातो. तोच दाणा. तितीला मी मोडक्यातोडक्या शब्दांत हे सांगितलं तर ती इतकी खूश झाली की पातेल्याच्या तळाला लागलेला खरपूस भात, ज्यासाठी त्यांच्या घरात भांडणं होतात, तो खरवडून माझ्या ताटात घातला.

अजून एक गोष्ट. तितीचा मुलगा, चाळिशीचा, चांगला भक्कम माणूस, बस चालवायचा. तो दारातून आत आला की हॅलो नाही, हाय नाही, पहिला शब्द 'बेंदिसिओन'. म्हणजे आशीर्वाद दे. आणि तिती भांडी घासता घासता मागे वळूनही न बघता म्हणणार, 'दियोस ते बेंदिगा', देव तुझं भलं करो. फोनवरही तेच, आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी तेच. प्वेर्तो रिकन घरांमधली ही रीतच आहे. आपण वाकून नमस्कार केला की वरून 'सुखी राहा' येतं ना, त्यांचं ते तोंडी चालतं.

हे सगळं आधी सांगतेय कारण ज्या पुस्तकाबद्दल लिहायचंय ते मी त्या घरात, त्या किचनच्या टेबलावर वाचलं, आणि दुसरीकडे कुठे वाचलं असतं तर कदाचित इतकं आत गेलं नसतं.

पुस्तकाचं नाव 'जूलिएट टेक्स अ ब्रेथ', लेखिका गॅबी रिव्हेरा, स्वतः ब्रॉन्क्सची, प्वेर्तो रिकन, क्वीअर (समलैंगिक आणि तशा सगळ्यांसाठी वापरतात तो शब्द). आधी २०१६ ला एका छोट्या प्रकाशनाकडून आलं होतं आणि मग २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या प्रकाशनाने नव्याने काढलं, तेव्हा आमच्या भागातल्या लायब्ररीत नवीन पुस्तकांच्या फळीवर ते उभं होतं. मी उचललं ते फक्त मागे ब्रॉन्क्स लिहिलेलं दिसलं म्हणून. आपण जिथे राहतो ते नाव पुस्तकावर दिसलं की हात जातोच.

जूलिएट मिलाग्रोस पालान्ते, वय १९. साल २००३. तिला दमा आहे, इन्हेलर सतत जवळ. (ब्रॉन्क्समध्ये राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, मोठमोठे हायवे वस्त्यांच्या मधून गेलेत, ट्रकची वर्दळ, कचऱ्याची केंद्रं, दक्षिणेकडच्या मॉट हेवनला तर लोक ॲस्थमा ॲलीच म्हणतात. तितीच्या फ्रिजवर मॅग्नेटच्या शेजारी एक इन्हेलर, पलंगाजवळ एक आणि पर्समध्ये एक.) तर ही पोरगी एका गोऱ्या फेमिनिस्ट लेखिकेचं पुस्तक वाचून भारावून जाते, त्या लेखिकेला, हार्लो ब्रिस्बेनला, पत्र लिहिते आणि तिच्याकडे उन्हाळाभर इंटर्नशिप करायला थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगनमधल्या पोर्टलंडला निघते. आणि निघायच्या आदल्या रात्री, सगळे नातेवाईक जेवायला जमलेले असताना, सांगून टाकते. मला मुली आवडतात. लेनी माझी नुसती मैत्रीण नाही, गर्लफ्रेंड आहे.

त्या जेवणाच्या प्रसंगात मी फार वेळ अडकले. एक तर ते घर मला ओळखीचं होतं, सगळे एकाच वेळी बोलतायत, आजी आहे, आत्या-मावश्या आहेत, धाकटा भाऊ आहे, प्रत्येकाला दुसऱ्याच्या ताटात काय कमी पडलंय याची काळजी. अशा टेबलावर कुणी काही 'स्वतःचं' सांगूच शकत नाही, कारण तिथे स्वतःचं असं काही नसतंच, सगळं सगळ्यांचं. आणि जूलिएट नेमकं तिथेच सांगते. कुणी तिला मारत नाही, घराबाहेर काढत नाही. आई काय करते, उठून आपल्या खोलीत जाते. बस. आणि दुसऱ्या दिवशी लेक एवढ्या लांब निघालीये तर धड निरोपही देत नाही. म्हणजे बेंदिसिओनचं उत्तरच येत नाही, असं समजा. मी ते वाचलं तेव्हा तिती समोरच लसूण सोलत बसली होती आणि मला एकदम भरून आलं, तिने विचारलं काय झालं, मी म्हणलं काही नाही, पुस्तक.

इंग्रजीत अशा मोठं होण्याच्या कादंबऱ्यांचा वेगळा प्रकारच आहे, मराठीत त्याला चटकन शब्द सापडत नाही, 'वयात येणं' म्हणलं की लोकांच्या मनात भलतंच काहीतरी येतं. त्या प्रकारात नेहमीचा रस्ता असा की मुलगा किंवा मुलगी घर सोडते, गाव सोडते, मागे वळून बघत नाही आणि स्वतःला शोधते. जूलिएटही घर सोडते. पण तिचं अर्धं लक्ष पूर्ण पुस्तकभर फोनकडे आहे. पोर्टलंडमध्ये नवीन प्रेम होतंय, नवीन शब्द कळतायत, आणि मधेच घरी फोन, आई काय म्हणाली, कसल्या आवाजात म्हणाली. आईला अजून वाटतंय की हे थोड्या दिवसांचं खूळ आहे. आणि पोरगी चिडते, रडते, पण आईला सोडून द्यायचा विचारच तिच्या डोक्यात येत नाही. मला इतकं बरं वाटलं हे वाचून, कारण तोपर्यंत इंटरनेटवर जे काही वाचलं होतं त्यात सगळीकडे एकच सल्ला होता, घरचे मानत नसतील तर नवीन घर शोध. मला नवीन घर नको होतं हो. मला साताऱ्याचंच हवं होतं.

ग्लोरिया अँझाल्दुआ नावाची टेक्सासच्या सीमेवर वाढलेली चिकाना, म्हणजे मेक्सिकन वंशाची अमेरिकन, लेखिका होती, लेस्बियन, १९८७ ला तिचं 'बॉर्डरलँड्स' आलं. त्यात एक छोटासा किस्सा आहे. तिच्या एका विद्यार्थिनीला 'होमोफोबिया' या शब्दाचा अर्थ वाटला होता घरी जायची भीती. होम, फोबिया. अँझाल्दुआ म्हणते, किती बरोबर आहे हे. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला हा शब्द कधी शिवी म्हणून, कधी बातमीतला शब्द म्हणून माहीत होता. घरी जायची भीती मात्र मला पोटात माहीत होती. दिवाळीला पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी ओलांडली की सुरू व्हायची. काय विचारतील, कोण स्थळ घेऊन आलं असेल, मी काय चेहरा करू.

परत जूलिएटकडे. हार्लोच्या घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी तिथला एक मुलगा तिला विचारतो, तू स्वतःला काय म्हणवतेस, तुझी सर्वनामं कोणती, म्हणजे तुला 'ती' म्हणायचं, 'तो' म्हणायचं की आणखी काही. आणि जूलिएटला काही कळत नाही. ती शरमते. क्वीअर असून क्वीअर लोकांचे शब्द येत नाहीत याची शरम! हे मी अगदी तसंच भोगलंय. कॉलेजच्या एका ग्रुपमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे एवढे तयारीचे, प्रत्येकाकडे स्वतःसाठी दोन-तीन शब्द तयार, आणि माझ्याकडे एकही नाही, कारण मी जिथे वाढले तिथे या गोष्टीला शब्द नव्हता, म्हणजे एक होता आणि तो मुलं मैदानावर शिवी म्हणून वापरायची. जूलिएटबद्दल मला आवडलं ते हे की तिला सगळं येत नाही आणि तिला ते लपवावं लागत नाही, ती विचारते, चुकते, डायरीत लिहून ठेवते.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाबद्दल. हार्लो तिला एक काम देते. चिठ्ठ्या. कागदाच्या कपट्यांवर बायकांची नावं, ज्यांच्याबद्दल कुणाला फारसं माहीत नाही अशा, आणि जूलिएटने लायब्ररीत जाऊन त्यांची माहिती काढायची. त्यात एक नाव निघतं लोलिता लेब्रॉन. प्वेर्तो रिकोची. १ मार्च १९५४ ला ही बाई तिघा साथीदारांबरोबर वॉशिंग्टनला संसदेच्या गॅलरीत गेली, प्वेर्तो रिकोच्या स्वातंत्र्याची घोषणा दिली आणि त्यांनी गोळीबार केला, पाच खासदार जखमी झाले. २५ वर्षं तुरुंगात काढली तिने, १९७९ ला कार्टर अध्यक्ष असताना सुटली, २०१० ला गेली. आपल्याकडे शाळेत असेंब्लीतला बॉम्ब आणि पत्रकं शिकलेल्या माणसाला हे ऐकून लगेच काहीतरी आठवतं. तर विचार करा, प्वेर्तो रिकन पोरगी, १९ वर्षं ब्रॉन्क्समध्ये वाढलेली, अमेरिकन शाळेत शिकलेली, आणि स्वतःच्या बेटाच्या या बाईचं नाव तिला पहिल्यांदा कळतं कुठे, तर एका गोऱ्या बाईच्या घरातल्या कागदाच्या कपट्यावर. तिला आनंद होतो आणि रागही येतो. इतकी वर्षं मला कुणी का सांगितलं नाही?

मी त्या दिवशी तितीला विचारलं, लोलिता लेब्रॉन माहितीये का. तितीचा हात थांबला. म्हणाली, माझा बाप तिचा फोटो ठेवायचा, आतल्या खोलीत, बाहेर नाही. एवढंच म्हणाली आणि परत कामाला लागली. प्वेर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, १९१७ पासून लोकांना नागरिकत्व, पण बेटावर राहून अध्यक्षासाठी मत देता येत नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. पण 'आतल्या खोलीत, बाहेर नाही' हे मला कायमचं लक्षात राहिलं, कारण घरात काही गोष्टी आतल्या खोलीत ठेवायच्या असतात हे मलाही चांगलंच माहीत होतं.

म्हणून तर मग पुढचा प्रसंग इतका लागतो. पोर्टलंडमध्ये पॉवेल्स म्हणून प्रचंड मोठं पुस्तकांचं दुकान आहे, अख्खा एक ब्लॉक व्यापलेलं. तिथे हार्लोचं वाचन असतं. गर्दी. प्रश्नोत्तरं. कुणीतरी विचारतं की तुमच्या पुस्तकात काळ्या-सावळ्या बायका कुठे आहेत. आणि हार्लो, जिच्यावर जूलिएट जीव टाकत होती, ती सरळ जूलिएटकडे बोट दाखवते. ही बघा, ही ब्रॉन्क्सच्या गरीब वस्तीतून गोळ्या चुकवत आलीये, माझ्या पुस्तकाने हिला वाट दाखवली, अशा अर्थाचं काहीतरी. जूलिएटने असलं काही तिला कधीच सांगितलेलं नसतं! तिचं घर आहे, दोन वेळचं नीट जेवण आहे, प्रेमाने भांडणारे नातेवाईक आहेत. सगळ्या लोकांसमोर तिच्या आयुष्याची एक खोटी गोष्ट केली जाते आणि तीसुद्धा तिच्या भल्यासाठी. ती तिथून पळते.

हे वाचून मला कितीतरी वेळ झोप आली नाही. कारण हे माझ्याबरोबर एकदा झालं होतं, इतकं मोठं नाही, पण जात तीच. एका कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि ओळख करून देणाऱ्या बाई म्हणाल्या की ही अशा देशातून आलीये जिथे हिच्यासारख्या मुलींना जीव मुठीत धरून जगावं लागतं. बाई मनाने चांगल्या होत्या. पण मी तिथे उभी राहून आईचा विचार करत होते, की हे आईने ऐकलं तर तिला काय वाटेल, माझ्या आईने मला कॉलेजच्या फीसाठी बांगड्या मोडून दिल्यात आणि इथे ती 'तो देश' झाली. मी इथे आल्यावर दोन-तीन आठवड्यांतच, ६ सप्टेंबर २०१८ ला, आपल्या सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ चा निकाल दिला होता, समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असा, सकाळी उठले तर फोनवर मेसेजचा ढीग. आणि गंमत नाही, खरं सांगते, ज्या २००३ च्या उन्हाळ्यात जूलिएटची गोष्ट घडते त्याच उन्हाळ्यात, २६ जूनला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासच्या केसमध्ये असले कायदे रद्द केले. म्हणजे त्यांच्याकडेही हे काही फार जुनं नाही. मी हे तेव्हा उभं राहून बोलायला हवं होतं, बोलले नाही, आभार मानून खाली बसले. जूलिएटने निदान दार तरी ढकललं.

पळून ती जाते मायामीला, नात्यातल्या बहिणीकडे, आवाकडे. आणि तिथे तिची तिती पेनी, मध्यमवयीन, लग्न झालेली, संसार करणारी, शांतपणे तिला सांगते की माझंही एका बाईवर प्रेम होतं. नवऱ्याच्या आधी. एवढी वर्षं घरातल्या घरात होती ही गोष्ट. मला पुस्तकातलं सगळ्यात खरं हे वाटतं. आपल्याला वाटतं आपणच पहिल्या, आपल्यापासून सुरुवात, आणि मग कळतं की घरात एक मावशी आधीपासून होती, ती लोणची घालत होती, लग्नात सगळ्यांच्या पुढे नाचत होती, आणि तिच्याकडे हे होतं. माझ्या घरात अशी कोण होती मला माहीत नाही. पण पुस्तक वाचल्यापासून लग्नाच्या अल्बममधल्या बायकांचे चेहरे मी वेगळ्या नजरेने बघते.

पुस्तकात खोट नाही असं नाही. पोर्टलंडमधली माणसं कधीकधी माणसांसारखी न बोलता भाषणं देतात, लायब्ररीतली किरा आणि जूलिएटचं प्रेम फारच पटकन जुळतं, मोटारसायकलसकट. पण लेनी तिला मध्येच सोडते तेव्हाचं दुःख चांगलं आलंय, आणि मला एवढं पुरे आहे.

नंतर या वाटेवरचं अजून वाचलं, पाहिलं. २०२२ ला सोनोरा रेयेसचं 'द लेस्बियानाज गाइड टू कॅथलिक स्कूल' आलं, नॅशनल बुक अवॉर्डच्या शेवटच्या यादीत होतं ते. त्यातली यामिलेत मेक्सिकन-अमेरिकन, ॲरिझोनाची, वडिलांना डिपोर्ट केलेलं. तिला आईची भीती वाटते आणि वडिलांची खात्री, म्हणून ती आधी वडिलांना सांगते आणि तेच तोंड फिरवतात. आपण घरच्यांना किती चुकीचं ओळखतो हे त्यात इतकं दुखेल असं आलंय. आणि टीव्हीवरची 'वन डे ॲट अ टाइम', २०१७ ची, क्यूबन कुटुंब, एलेनाची पंधराव्या वाढदिवसाची मोठी पार्टी, किन्सेआन्येरा. बापलेकीच्या नाचाची वेळ येते आणि लेकीला मुली आवडतात हे न पटलेला बाप निघून गेलेला असतो. पोरगी एकटी फ्लोअरवर उभी. मग आई पुढे होते, तिच्यामागून सगळं घर. एलेनाला ड्रेस नको होता म्हणून आजीने तिच्यासाठी पांढरा सूट तयार केलेला असतो, ती धार्मिक आजी, जिची सगळ्यात जास्त भीती होती! मी तो एपिसोड तीनदा पाहिला आणि तीनदा रडले, आणि त्यात लाजायचं काय.

आता आईबद्दल.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी तिला जूलिएटची गोष्ट फोनवर सांगितली होती. रोज थोडी थोडी. ती भाजी निवडायची आणि मी सांगायचे, जशी ती मला लहानपणी सांगायची तशी. पण मी एक लबाडी केली. 'गर्लफ्रेंड'चं मी 'मैत्रीण' केलं. मराठीत किती सोपंय ते, मैत्रीण म्हणजे काहीही, त्या शब्दाच्या पदराखाली मी कितीतरी वर्षं काढली होती. पुण्याला माझ्या रूमवर राहणारी 'मैत्रीण' लागोपाठ तीन वर्षं गणपतीला घरी आली, आईने तिची साडी चोळीने ओटी भरली, गौरीच्या जेवणाला तिला पुरणपोळीवर दोनदा तूप वाढलं. चौथ्या वर्षी ती आली नाही. आईने विचारलं का गं नाही आली, मी म्हणलं नोकरी लागली तिला बंगलोरला. तेवढं खरं होतं.

तर आईला मी सांगितलं की जूलिएटने घरच्यांना न आवडणारं काहीतरी सांगितलं आणि तिची आई खोलीत जाऊन बसली, निरोप द्यायला आली नाही. आई एकदम चिडली. म्हणाली, "असं काय सांगितलं असंल एवढं? पोरगी परमुलखात निघाली आणि आई दारापर्यंत येत नाही? असं कुठं असतंय होय?" मी काहीच बोलले नाही. वरून ट्रेन गेली. मी म्हणलं थांब.

फेब्रुवारीत मी सांगितलं. कसं सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ते आमच्या दोघींचं आहे. आई म्हणाली "बरं" आणि फोन ठेवला. मग पाच आठवडे फोन बाबांनी उचलले. आई अंघोळीला गेलीये, आई देवळात गेलीये, आई झोपलीये.

आणि मग मार्च आला. २०२० चा मार्च ब्रॉन्क्समध्ये काय होता ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत, रात्रंदिवस सायरन, शहराच्या पाच भागांत मृत्यूंचं प्रमाण सगळ्यात जास्त आमच्याकडे. तितीच्या मुलाची बस चालूच होती, तो आता दाराबाहेर जिन्यात उभा राहून बेंदिसिओन म्हणायचा आणि तिती दाराच्या आतून उत्तर द्यायची. बंद दाराआडून. मी रोज ते ऐकत होते. आणि एका रात्री, आमच्याकडे अडीच वाजले असतील, आईचा फोन. पाच आठवड्यांनी तिचा स्वतःचा आवाज. दम लागतोय का, ताप आहे का, त्या मावशींना सांभाळ, त्यांना दमा आहे ना. मग रोज. दिवसातून दोनदा. तो विषय नाही, बाकी सगळं.

एप्रिलमध्ये कधीतरी, असंच बोलता बोलता, मधे गप्प झाली आणि म्हणाली, "त्या जूलिएटच्या आईने पुढं काय केलं?"

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हणलं, थांब, वाचूनच दाखवते. लायब्ररी बंद होती पण मी तोपर्यंत माझी स्वतःची प्रत घेतली होती. मी पलंगावर बसून आईचे फोन येतात ते भाग शोधले आणि समोर इंग्रजी धरून तोंडाने मराठी करत वाचायला लागले, अडखळत, कारण जूलिएटच्या आईला साताऱ्याचं बोलायला लावणं सोपं नाही, आणि ती आई एका फोनमध्ये बदलत नाही, ती थोडी थोडी सरकते, एकदा पुढे, एकदा मागे. आई ऐकत होती. मधे कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही.

आणि मग लेनीचं नाव आलं. मी थांबले. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा माझ्या तोंडातून सवयीने तेच आलं, "तिची मैत्रीण."

आई म्हणाली, "मैत्रीण म्हणजे, आपल्याकडे गणपतीला यायची तशी?"

मी म्हणलं, "हो."

फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "बरं. वाच पुढं."